सार्वजनिक म्हणजे कोणाचं?

वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो, आणि शाळेतल्या माझ्या मुलांनो,

मागे उन्हात उभे आहेत त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. जरा सरकून घ्या.

या गावात सून म्हणून आले, शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला माईक माझ्याच हातात असतो. बोलायची मला सवय आहे. आज मात्र शब्द सापडत नाहीत. या माईकवरून नाव पुकारलं की जे ताठ चालत यायचे, ते सुभेदार किसनराव वानखडे, आपले सुभेदार काका, परवा दुपारी गेले. त्यांच्या पत्नी, शांताकाकू, समोर बसल्या आहेत. काकू, मी मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

काका कोण होते? बौद्धवाड्यातल्या शेतमजुराचा मुलगा. शाळेतून निघाला तो थेट फौजेत गेला. बर्फात राहिला, वाळवंटात राहिला, सुभेदार होऊन परत आला. पेन्शन आली तशी चिखली शहरात प्लॉट घेऊन राहता आलं असतं. बरेच जण राहतात. काका इथं आले. आपल्या पोरांना पोलीस भरतीसाठी, फौजेसाठी पहाटे पळवायला लागले. आज आपल्या गावची जी मुलं वर्दीत आहेत, ती काकांच्या शिट्टीवर धावलेली आहेत. दर पंधरा ऑगस्टला इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं, आणि असा सलाम, की बघणाऱ्याचीही पाठ सरळ व्हावी.

अशा माणसाला आपल्या गावानं एकदा देशद्रोही म्हटलं होतं.

मान खाली घालू नका. मी कोणाला टोचायला उभी नाही. पण काकांची आठवण काढायची आणि ही गोष्ट गाळायची, हे काकांना चाललं नसतं.

तुम्हाला बौद्धवाड्यातली गयाबाई आठवते? आमच्या माईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या बरोबरीनं जन्मभर शेतात राबली ती. ऐन ऑगस्टात गेली. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी. पाऊस थांबायला तयार नव्हता. तेव्हा गावात जाळायच्या जागा दोन होत्या. एक नाल्याच्या अलीकडे, टिनाचं शेड, सिमेंटचा ओटा, आणि वर पाटी, ‘सार्वजनिक स्मशानभूमी’. दुसरी नाल्यापलीकडे. तिथं शेड नाही, ओटा नाही, जायला पूल नाही. बौद्धवाड्यानं पलीकडे जायचं, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. सगळ्यांना माहीत होतं.

नाल्याला पाणी. माणसं कमरेइतक्या पाण्यातून गयाबाईला घेऊन गेली. लाकडं ओली. सरण पेटेना. शेवटी चौघांनी ताडपत्रीचे चार कोपरे धरले आणि सरणावर छत केलं. एक कोपरा काकांच्या हातात होता. खाली जाळ, वर पाऊस. जाळ धरेपर्यंत ते हलले नाहीत. आणि तिथून, नाल्याच्या अलीकडचं ते कोरडं, रिकामं शेड समोर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडावंदन. मुलांची भाषणं झाली. जगात आपल्यासारखा देश नाही. शून्य आपण दिलं, विमान आपण शोधलं, साऱ्या जगाला आपणच शिकवलं. टाळ्या पडल्या. मग मी नेहमीप्रमाणे काकांना दोन शब्द बोलायला बोलावलं. त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा मला दिसलं, त्यांच्या तळहाताला फडकं गुंडाळलेलं होतं.

काका म्हणाले, “पोरायनं भाषणं चांगली केली. मी झेंड्याले सलाम केला, तो खरा हाय. पन काल आम्ही गयाबाईले पावसात जाळलं. ताडपत्री धरून जाळलं. समोर शेड होतं. त्याच्यावर ‘सार्वजनिक’ लिहेल हाय. मले एवढंच सांगा, सार्वजनिक म्हणजे कोणाचं?”

आणि मग पहिल्या रांगेतून आवाज आला, “आजच्या दिवशी हे काऊन काढलं? देशाची बदनामी करून राह्यला काय?”

आवाज आमच्या तात्यांचा होता. माझ्या सासऱ्यांचा, गावच्या माजी सरपंचांचा. तात्या, तुम्ही इथं बसला आहात. काल रात्री जेवताना तुम्हीच मला म्हणालात, “सांगशीन त सारं सांग, माह्यं नाव झाकू नको.” म्हणून सांगते आहे.

काका चिडले नाहीत. म्हणाले, “बदनामी मी सांगतल्यानं नाई होत. जे झालं त्यानं होते.” माईक माझ्या हातात दिला, झेंड्याकडे वळून पुन्हा सलाम केला आणि खाली उतरले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोबाईलवर तो व्हिडिओ फिरला. अर्धाच. सलामाचं वाक्य कापलेलं. खाली लोकांनी ‘देशद्रोही’पासून काय काय लिहिलं! पहाटे पळायला येणारी पोरं कमी झाली. घरचे पाठवेनात. शांताकाकू पाण्याला गेल्या की बायका बोलणं थांबवायच्या. पुढच्या वर्षी मला सांगण्यात आलं, “यंदा सुभेदाराले स्टेजवर नको.” मी भांडले. काही उपयोग झाला नाही.

तरी काका आले. तोच कोट, तीच पदकं. सगळ्यात मागे उभे राहिले. फाटकात तात्यांनी अडवून विचारलं, “एवढं झाल्यावर आलास काऊन बे?”

काका म्हणाले, “झेंडा तुया एकट्याचा हाय काय?”

हे दोघं एका वर्गातले, बरं का. एका पाटावर बसलेले नव्हे, तो काळ तसा नव्हता. पण एका वर्गातले.

एकदा साखरखेर्ड्याच्या बाजारातून परत येताना जीपमध्ये दोघांना एकमेकांना खेटून बसावं लागलं. दुसरी जागाच नव्हती. मी मागच्या सीटवर होते, मांडीवर भाजीची पिशवी. अर्धा रस्ता मागे पडला. मग तात्यांनीच तोंड उघडलं.

“किसन, एक सांग. आपला देश जगात एक नंबर हाय, हे मानतो का नाई?”

काका म्हणाले, “सरहद्दीवर समोरच्या चौकीतून त्यायच्या सणाच्या दिवशी भोंगा वाजे. त्यायचे जवानबी तेच म्हणत, आमचा देश एक नंबर. आता दोघंबी एक नंबर कसे असतीन? थंडी मात्र दोघायलेबी सारखीच वाजे.”

“म्हंजे तुले देशाचा अभिमान नाई?”

“तात्या, माय आपली असते म्हणून प्यारी असते. दुसऱ्यायच्या माया खराब हायेत म्हणून नाई. अन् मायले ताप आला त माणूस काय करते? डॉक्टरले बोलावते. का गावभर सांगत फिरते, माही माय ठणठणीत हाय म्हणून?”

ड्रायव्हर हसला. तेवढ्यात गाव आलं.

मला वाटलं, संपलं. नव्हतं संपलं. कारण जीपमधलं बोलणं मी घरी येऊन माईंना सांगितलं. माई ज्वारी निवडत ऐकत होत्या. संध्याकाळी तात्या जेवायला बसले. माईंनी ताटात भाकर वाढली आणि उभ्याउभ्याच विचारलं, “गयाले कुठं जाळलं?”

“नाल्यापल्याड. तुले माहीत नाई काय?”

“माहीत हाय. तुमच्या तोंडून ऐकाचं होतं. माह्यी तीनही बाळंतपणं तिनं केली. तुम्ही जे पोरगं खांद्यावर घेऊन मिरवलं, ते साऱ्यायच्या आंधी तिच्या हातात आलं. अन् ती पावसात भिजत गेली. मंग माह्यंबी आजच ठरवून टाका. मी मेली त मले त्या शेडात नेऊ नका. जिथं गया गेली तिथंच न्या. नाल्यातून न्या.”

“काय भलतंसलतं बोलून राह्यली!”

“भलतं नाई. शेवटचं बोलून राह्यली.”

तात्या त्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठले. पुढचे कितीतरी दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आणि मग ग्रामसभा आली. रस्ते झाले, नळ झाले, विषय संपत आले आणि तात्या उठले. मी तिथं होते. ज्या माणसाचा शब्द गावात खाली पडत नाही, त्या माणसानं हात वर करून बोलायची परवानगी मागितली. ते म्हणाले, “शेडावर सार्वजनिक लिहेल हाय. लिहेल हाय ते खरं करा. नाई त पाटी काढून फेका.”

गोंधळ झाला. कोणी उठून गेलं. कोणी तात्यांना म्हणालं, “सुनेनं बिघडवलं.” खरं तर बायकोनं. पण ठराव झाला. एक गाव, एक स्मशानभूमी. आणि नाल्यावर पूल, म्हणजे पलीकडच्या शेतात जाणाऱ्या सगळ्यांचीच सोय.

सभा संपल्यावर काका तात्यांजवळ आले. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. काका म्हणाले, “चहा घेतो काय?” दोघं टपरीवर गेले. पैसे कोणी द्यायचे यावरून परत भांडले.

म्हणून सगळं चांगलं झालं का? नाही. मी खोटं बोलणार नाही. अजूनही काही घरांत बौद्धवाड्यातल्या माणसाला पाणी वरून ओततात. ठराव झाल्यावरसुद्धा त्या शेडात पहिलं सरण रचायला बौद्धवाड्यातली माणसं कचरत होती. पहिल्यांदा गेले तेव्हा काका पुढे होते आणि तात्या फाटकाशी काठी टेकून उभे होते. कोणी आलंच अडवायला, तर म्हणून. कोणी आलं नाही. पुढच्या वेळी तात्यांना उभं राहावं लागलं नाही. मुलांनो, पुष्कळदा असंच होतं. भीती मोठी असते, आणि तिच्या पलीकडे कोणी उभंच नसतं.

पहाटे पळणारी पोरं परत आली. आता मुलीही पळतात. परवा त्याच मुलांनी काकांना खांदा दिला. आणि तात्यांनी, या वयात, डॉक्टरांनी चालायलाही नको म्हटलेलं असताना, वेशीपासून शेडापर्यंत खांदा सोडला नाही. भंतेजींनी पंचशील म्हटलं तेव्हा माईंनी हात जोडले. आमच्याकडच्या बायका स्मशानात जात नाहीत. परवा माई गेल्या, म्हणून आम्ही सगळ्या गेलो.

शेवटचं सांगते.

दहा-बारा दिवसांपूर्वी मी मेहकरला दवाखान्यात काकांना भेटायला गेले होते. धाप लागत होती, तरी थट्टा सुटली नव्हती. म्हणाले, “मॅडम, माह्या शोकसभेत माईक तुमच्याच हाती राहीन.”

मी म्हटलं, “काका, असं बोलू नका.”

“बोलू द्या. एक काम करा. लोकं म्हणतात ना, ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’, ते तेवढं म्हणू नका.”

“का बरं?”

“पुन्हा नाई झाला त मंग मी केलं काय? माह्यासारखे गल्लोगल्ली व्हाले पाह्यजेत. इतके व्हाले पाह्यजेत, का कोणाले माही आठवणबी नाई राह्यली पाह्यजे.”

काका, हे शेवटचं आम्हाला जमणार नाही. आठवण राहील. बाकीचं करू.

तेव्हा मंडळी, ते वाक्य आज इथं कोणीही म्हणायचं नाही. मी त्याच्या उलटं म्हणते. असा माणूस पुन्हा होवो. या सतरंजीवर बसलेल्यांमधून होवो. पोरांमधून होवो, पोरींमधून आधी होवो.

आता सगळे उभे राहू. तात्यांना जरा हात द्या कोणीतरी. दोन मिनिटं शांत राहू. आणि उभे राहाल तेव्हा ताठ राहा. काका उभे राहायचे तसं.

सुभेदार काका, जय भीम. जय हिंद.