चाळणीची जर्सी

डोरीन : नाही म्हणजे नाही! मी बर्फावर उतरणार नाही, वॅलेस.

वॅलेस : अगं, सोडतीत नाव निघालंय तुझं! लाउडस्पीकरवरून आख्ख्या न्यूफाउंडलंड बेटानं ऐकलं. आइस हॉकीच्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याला दरवर्षी देव पाण्यात घालून बसतेस, खेळाडूनं अंगातली जर्सी काढून आपल्या हातात द्यावी म्हणून. आणि आता?

डोरीन : मला कप्तानाची हवी होती. निघाली कुणाची? गोलरक्षकाची! त्या इल्मोची!

वॅलेस : एक-शून्य जिंकलो ते कुणामुळे? काय फटके अडवले गं, काय अडवले! शेवटचा तर आडवा पडून, बुटानं!

डोरीन : तरी गुणतक्त्यात तळालाच ना आपण? हिवाळाभर मार खाल्ला.

वॅलेस : मग मघाशी नाचत काय होतीस? माझी कॉफी सांडलीस.

डोरीन : जिंकल्यावर नाचू नको तर काय करू! पण मी बसते कुठे, सांग. त्याच्या गोलच्या मागे, काचेला नाक लावून. 'ए चाळणी! चाळणी!' सगळा हिवाळा, प्रत्येक गोल त्याच्यातून गळतो म्हणून. ओळखेल रे तो मला.

वॅलेस : चेहऱ्यानं नाही, आवाजानं ओळखेल. तू तोंड उघडू नकोस म्हणजे झालं.

डोरीन : आणि क्लबनं काढलंय त्याला. उद्या चाललाय. कुठल्या तोंडानं जाऊ?

वॅलेस : उद्या चाललाय म्हणूनच आज जायचं. हात धर. हळू, घसरशील.

(बर्फावर. इल्मो डोक्यातून जर्सी काढून पुढे धरतो.)

इल्मो : घ्या, बाई. ओली आहे. माफ करा.

वॅलेस : शाब्बास रे पोरा! काय खेळलास! हिचा ना, घसा बसलाय.

इल्मो : घसा? हिवाळाभर नाही बसला.

डोरीन : अगं बाई!

इल्मो : काचेमागे. लाल टोपी. चाळणी.

डोरीन : फार राग आला?

इल्मो : सुरुवातीला. मग आम्ही हरत राहिलो, लोक येईनात. तुम्ही आलात. मागून आवाज आला की कळायचं, कुणीतरी बघतंय.

डोरीन : अरे, शिव्या घालत होते मी तुला!

इल्मो : हो. मोठ्यानं.

वॅलेस : पोरगा बरोबर बोलतोय.

इल्मो : आज आवाज नव्हता. दोनदा वळून बघितलं.

डोरीन : सकाळी कळलं, तुला काढलंय. मग तोंडातून निघेचना.

इल्मो : नवा क्लब नाही अजून. कदाचित आजचाच सामना शेवटचा. एकदा ओरडाल?

डोरीन : आत्ता? इथे? वॅलेस... आवाजच फुटत नाहीये रे.

इल्मो : घाई नाही. मी थांबतो.