पंखावरचा पांढरा पट्टा

(आई आणि ताई घरी. भाऊ दूरच्या शहरातून व्हिडिओ कॉलवर.)

भाऊ : ताई, मोबाइल हलवू नकोस गं! आई, पंख अजून थोडा उघड. मुळाशी पांढरं आहे?

आई : आहे की. खडूचं बोट ओढल्यासारखं.

भाऊ : चोच टोकाला वाकडी, पायांना पडदे... आई, हा स्कुआ आहे, स्कुआ! थेट दक्षिण ध्रुवाकडचा समुद्रपक्षी. आपल्या किनाऱ्यावर अजून कुणाला दिसलेला नाही. मी गळ्यात दुर्बीण अडकवून जन्मभर फिरलो आणि हा येऊन बसला तुझ्या मांडीवर!

आई : नशीब लागतं त्याला. नुसत्या दुर्बिणीने काय होतंय?

ताई : तिला फार बोलायला लावू नकोस. परवाच दवाखान्यातून आणलीय. छातीत अजून घरघर आहे.

भाऊ : एवढं शेवटचं. आई, फुंकर मारून पोटावरची पिसं बाजूला कर. अंगात चरबी किती उरलीय ते कळतं. आम्ही असंच बघतो.

आई : फू... फू... अरे, नुसती हाडं रे! उपाशी आहे बिचारी.

भाऊ : बोटं सांभाळ हां. हा दुसऱ्या पक्ष्यांच्या तोंडचा घास हिसकावून खातो. एका टोच्यात रक्त काढेल.

आई : ही? गरीब गाय आहे नुसती. वाळूवरून उचलली तरी हूं की चूं नाही. मान तेवढी उलटी टाकते, पार पाठीवर.

भाऊ : काय म्हणालीस?

ताई : हो, मघाशीही केलं. थरथरते आणि मान पिळून मागे नेते. डोळ्यांवर सायही आलीय. दमली असेल ना एवढं उडून?

भाऊ : ताई, किनाऱ्यावर हा एकटाच होता?

ताई : जिवंत हा एकटाच.

भाऊ : म्हणजे?

ताई : कुरव पक्षी मरून पडलेत, ढीगच्या ढीग. लोक म्हणतात, आत समुद्रात कुठेतरी वादळ झालं असेल.

भाऊ : वादळ नाही गं. बर्ड फ्लू असणार. आई, खाली ठेव त्याला. आत्ताच्या आत्ता!

आई : का रे? जरा ऊब लागतेय तिला तर...

भाऊ : ठेव म्हणतो ना! साबणाने हात धू, कपडे बदल. ताई, तू नाकातोंडाला कापड बांध, खिडक्या उघड, डॉक्टरांना फोन लाव आणि सगळं सांग. पक्षी कसा वागतोय, हे आधी विचारायचं असतं. मला तो पट्टा दिसला आणि माझं डोकंच फिरलं.

ताई : आणि ती फुंकर रे?

आई : ठेवली बाबा, ठेवली. ओरडू नकोस. ए पोरी, घोटभर पाणी दे गं. मघाशी पिसाचा तंतू गेलाय घशात, अजून निघत नाही.