एजिदिओ मिस्त्रींचा शिक्का

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सुतार मंडळाचे ज्येष्ठ सभासद, आपले पाद्री सिल्व्हानो, मिस्त्रींशेजारी बसलेल्या पिएरामावशी आणि मेदा गावच्या समस्त कारागिरांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मागे रिसोत्तोचा केशरी भात शिजतोय आणि तो कुणाच्या भाषणासाठी थांबत नाही, हे मी जाणून आहे.

एजिदिओ कोल्झानी मिस्त्री चव्वेचाळीस वर्षांनी आज रंधा खाली ठेवताहेत. १९८१ साली मी मिलानहून माझ्या पहिल्या कपाटाचं चित्र घेऊन त्यांच्याकडे आले. तिरक्या फळ्या, एक पाय लाल, एक पिवळा, वर ठिपक्यांचा सनमायका. तेव्हा आम्हा बंडखोर पोरांना 'अभिरुची' या शब्दाचाच वीट आला होता. कपाटानं माणसाला जरा हसवलं, तर बिघडलं कुठे? मिस्त्रींनी कागद उलटसुलट पाहिला. म्हणाले, "सनमायका कॉफीच्या दुकानात काउंटरला लावतात, पोरी. दिवाणखान्यात अक्रोडाचं लाकूड असतं."

तरी काम घेतलं. प्रदर्शनाला दोन दिवस उरले असताना मी न्यायला गेले, तर काय? प्रत्येक फळी सरळ! पोरीची चूक झालीय, चारचौघांत शोभा नको, म्हणून या भल्या माणसानं गुपचूप सगळं काटकोनात आणलं होतं. मेदाचा सुतार दुसरं काय करणार? मी तिथेच भुशात बसून रडले. दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. पिएरामावशींनी मला कॉफी दिली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "तिला सरळ हवं असतं तर ते कुठेही मिळालं असतं."

दोन दिवसांत मिस्त्रींनी सगळं पुन्हा वाकडं केलं. प्रदर्शनात लोक खळखळून हसले आणि तसलीच कपाटं मागू लागले. पण मिस्त्री ज्या वस्तूला आपली मानतात, तिच्या तळाला आपल्या नावाचा शिक्का डागतात. तो काही त्यांनी मारला नाही. "हे तुझं," म्हणाले, "माझं नाही." पुढे आम्ही मिळून एकोणीस वस्तू केल्या. एकीवरही शिक्का नाही. खोटं कशाला सांगू, ते मला फार लागलं.

म्हणून आज सकाळी ते पहिलं कपाट मी इथे आणलं आणि म्हटलं, आता तरी मारा, पुन्हा कधी मारणार? मिस्त्रींनी चष्मा लावला. खिशातून माझं तेच जुनं चित्र काढलं. इतकी वर्षं जपलेलं! फळीला पट्टी लावली आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "ही चित्रापेक्षा दोन मिलिमीटर कमी तिरकी आहे. असल्या कामावर मी माझं नाव घालत नसतो. सोमवारी कारखान्यात घेऊन ये."

तेव्हा पिएरामावशी, क्षमा असावी, सोमवारी तुमचे निवृत्त यजमान घरी नसतील.

मला बोलू दिलंत, मंडळाचे मनापासून आभार. बोलण्यात काही वाकडं गेलं असेल तर पदरात घ्या. आणि मिस्त्री, तुम्ही कृपा करून ते सरळ करायला उठू नका.