कॉलिनच्या शेतातला सांडवा

(नॉटिंगहॅमपासून गाडीने वीस मिनिटांवर, लाल चिकट मातीचं एक उताराचं शेत. ऑक्टोबरातली दुपार, सकाळपासून पावसाची झड. मृदसंधारण खात्यातून निवृत्त होऊन चौदा वर्षं झालेले शशिधर मुलाचे गमबूट घालून आलेत, आणि ते त्यांना दोन नंबर मोठे आहेत. बरोबर नात अन्वी. ती इथल्या एका नदीसंस्थेत शेतकऱ्यांची सल्लागार आहे आणि तिच्या हातात लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या आहेत. म्हाताऱ्याला इतकी मजा बऱ्याच वर्षांत आली नव्हती.)

अन्वी: आजोबा, स्लो डाऊन! पडलात तर आजी मला सोडणार नाही.

शशिधर: अगं, मी पळत नाहीये, घसरतोय. तुझ्या बाबाचे बूट पुढे जातात आणि मी त्यांच्या मागून. ती बरणी आण. आधी कुंपणाच्या पलीकडचं पाणी भर.

अन्वी: भरते. हा कॉलिनचा नेहमीचा फील्ड... ओ माय गॉड. बघा ना! एकदम हॉट चॉकलेट.

शशिधर: चॉकलेट कसलं, शेत आहे ते. बरणीत शेत धरून उभी आहेस तू. उताराच्या दिशेने उभं नांगरलं की असंच होणार. पाण्याला घसरगुंडी करून दिल्यावर ते कशाला थांबतंय?

अन्वी: आणि हा सगळा खाली लेनमध्ये जातो, प्रायमरी स्कूलच्या गेटपर्यंत. लास्ट विंटर तीन वेळा स्कूल बंद झाला. पॅरेंट्सनी कॉलिनला काय काय ऐकवलं! म्हणून तर त्याने मला इकडचा फील्ड बांधाच्या ट्रायलला दिला. बट ओन्ली वन सीझन.

शशिधर: आणि आज परीक्षा.

अन्वी: परीक्षा आणि रिझल्ट, दोन्ही. चार वाजता कॉलिन येणार, आणि व्हॅलीतले बाकीचे सहा फार्मर्स. मी दोन बरण्या गेटवर ठेवणार. एक त्याच्या फील्डचा, एक आपल्या फील्डचा. नो स्पीच, नो लीफलेट. आपला पाणी क्लीन असेल तर सगळे बांध घालतील. नसेल तर बॅक टू हॉट चॉकलेट, आणि मला पुन्हा कोणी गेटच्या आत घेणार नाही.

शशिधर: असेल, असेल. बांध माझ्या नळीने आखलाय. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही.

अन्वी: तुमच्या नळीला सगळे हसले होते. ऑफिसमध्ये लेझर आहे, आणि तुम्ही सूटकेसमधून प्लॅस्टिकचा पाइप काढला आणि म्हणालात, यात पाणी भर.

शशिधर: मग? लेझरला बॅटरी लागते. नळीतलं पाणी दोन्ही टोकांना आपोआप एका पातळीत उभं राहतं. ते कधी खोटं बोलत नाही. तुला ती अमेरिकेतली गोष्ट सांगितली का मी?

अन्वी: धुळीची? ट्वाइस.

शशिधर: तिसऱ्यांदा ऐक. त्यांची जमीन वाऱ्याने उडाली, पाण्याने गेली, लोक गाव सोडून गेले, तेव्हा कुठे डोळे उघडले. मग चाळीस-पन्नासच्या दशकात तुझ्यासारखी पोरं गाडीत बसून शेताशेतावर जायची. काय सांगायची? आडवं नांगरा. गवताचे पट्टे ठेवा. पाणी पळतंय, त्याला चालायला लावा. आमच्या कॉलेजात ती पुस्तकं होती. टेकडीला वळसे घालत गेलेले पट्टे, वरून काढलेले फोटो. नगर जिल्ह्यातली आम्ही पोरं ते फोटो एकमेकांच्या हातून ओढून बघायचो. आपणही असं करायचं!

अन्वी: आणि केलंत.

शशिधर: केलं की. पस्तीस वर्षं तेच केलं. आणि आता माझी नात नॉटिंगहॅमात तेच करते. काय सांगू तुला, काल रात्री झोप नाही आली मला. चल, आता आपली बरणी. सांडव्याशी चल.

अन्वी: वेट, आजीचा फोन. आजी, स्पीकरवर आहेस.

सुमन: कानटोपी घातलीय का यांनी?

अन्वी: घातली.

सुमन: खोटं बोलू नकोस. आणि बरण्या परत आणायच्या हं दोन्ही. तुझ्या आईला मी लिंबाचं लोणचं घालून देणार आहे, ते काय ओंजळीत घालू?

शशिधर: सुमन, अगं लोणच्याचं काय घेऊन बसलीस! इकडे इतिहास घडतोय.

सुमन: घडू दे. डोकं झाकून घडवा.

अन्वी: आजोबा.

शशिधर: आलो, आलो.

अन्वी: आजोबा, लुक. सांडव्यातून पाणी येत नाहीये.

शशिधर: येईल.

अन्वी: नाही, पण सकाळपासून पाऊस आहे. बांधाच्या मागे बघा केवढा साठलाय! माझ्या गुडघ्यापर्यंत. आणि बांधाच्या टॉपला फक्त... एवढा उरलाय.

शशिधर: चार बोटं.

अन्वी: मग एक्स्ट्रा पाणी बाहेर का जात नाही? ती वाट आपण मुद्दाम ठेवली ना कोपऱ्यात, गवतावर? तुम्हीच खुंटी ठोकली. तुम्हीच म्हणालात, ही माती चिकट, पाणी पटकन मुरणार नाही, सांडवा नसेल तर बांध फुटेल.

शशिधर: म्हणालो होतो.

सुमन: अन्वी, त्यांना वाकू देऊ नकोस बाई. काल तू त्या कॉलिनकडे चहाला गेलीस, आणि मागे शेतात हे कोपरापर्यंत चिखलात. शर्ट दोनदा धुतला मी. विचारलं तर म्हणे, काही नाही, एक गळती होती, बुजवली. काय खूश होते!

अन्वी: गळती? कसली गळती? आजोबा?

शशिधर: सांडवा बुजवला मी.

अन्वी: व्हॉट?

शशिधर: धार चालली होती गं. करंगळीएवढी, स्वच्छ. दोन मिनिटं बघत उभा राहिलो. मग एक दगड ठेवला. मग दुसरा. मग गवताची ढेकळं कोंबली आणि पायाने दाबली. हातांनी केलं सगळं, डोक्याला विचारलंच नाही. आमच्याकडे पाण्याचा थेंब बांधाबाहेर गेला की माणूस धावत जाऊन अडवतो. जन्मभर लोकांना अडवा, अडवा सांगत फिरलो ना मी!

अन्वी: पण इथे पाऊस थांबत नाही! इथे पाण्याला जायला वाट पाहिजे, नाहीतर...

शशिधर: नाहीतर बांधावरून जाईल. आणि एकदा वरून गेलं की पाव तासात भगदाड. सगळा गाळ एका लोंढ्यात खाली. किती वाजले?

अन्वी: थ्री ट्वेंटी.

शशिधर: फावडं!

अन्वी: गाडीत आहे. मी आणते, तुम्ही हात लावू नका, ओके? आजोबा! मी काय म्हणाले?

शशिधर: तू पळ! मी वरचे दगड काढतो.

सुमन: अहो! काय चाललंय? अन्वी? अगं, फोन खिशात ठेवलास का? मला नुसता फचफच आवाज येतोय. ऐकू येतंय का कुणाला?

अन्वी: आजी, मी पळतेय! बांध फुटणार आहे!

सुमन: अगं बाई! पुन्हा?

अन्वी: पुन्हा म्हणजे? हा... आणला फावडा. आजोबा, सरका. कुठे खणू?

शशिधर: खणू नकोस! गवत अजिबात उपटायचं नाही, ते गवतच माती धरून आहे. खालच्या बाजूने ये. ढेकळं एकेक काढ. एकदम उघडलंस तर सांडवाच वाहून जाईल. हळू... हां... अजून एक.

अन्वी: येतोय! पाणी येतोय!

शशिधर: येऊ दे. थांब. गवतावर पसरू दे त्याला. आता पुढचं ढेकूळ.

अन्वी: आजोबा, बांधाच्या मिडलला बघा, तिथे फक्त दोन बोटं राहिलेत!

शशिधर: तिकडे बघू नकोस, इकडे बघ. तो मोठा दगड. मी ओढतो, तू फावड्याने रेट. एक, दोन...

अन्वी: निघाला! येस! ओ माय गॉड, येस! केवढा मोठा धार!

शशिधर: अशी! अशी चालली पाहिजे! बघ, पळत नाहीये, चालतंय. गवत नुसतं आडवं झालंय, मुळासकट निघालेलं नाही. अन्वी, बांधाकडे बघ आता.

अन्वी: थांबला. वर चढत नाहीये. वेट... तीन बोटं. खाली चाललाय! आजी, वाचला! बांध वाचला!

सुमन: देवा रे. आणि हे?

अन्वी: बसलेत. चिखलात. हसतायत.

सुमन: मग ठीक आहे. कानटोपी?

अन्वी: वाहून गेली. आजी, तू मघाशी पुन्हा का म्हणालीस?

सुमन: ते त्यांना विचार. माझ्या लग्नाला तेव्हा चारच महिने झाले होते. सकाळी उठून दार उघडलं तर अंगणात अख्खं गाव उभं.

शशिधर: एक्क्याऐंशी साल. विष्णू शेळके नावाचा शेतकरी होता. त्याच्या रानात बांध घातला मी, सांडवा ठेवला. पाऊस आला, सांडव्यातून पाणी चाललं, आणि या गड्याने घरची गोधडी आणून त्यात कोंबली. वर दगड रचले. पहाटे बांध फुटला. खालच्या रानातल्या नंदाबाईचं उभं पीक दगडगोट्यांखाली गेलं.

अन्वी: ओह नो. मग?

शशिधर: मग काय? मी अठ्ठावीस वर्षांचा साहेब. चारचौघांत बोललो त्याला. अक्कल गहाण ठेवलीस का म्हणालो. नंदाबाईच्या पाया पडायला लावलं. माझ्या दुप्पट वयाचा माणूस गं. तो एवढंच म्हणाला, साहेब, पाणी जाताना बघवत नाही. मी रिपोर्टात लिहिलं, शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे बांध फुटला. खाली सही.

सुमन: मी तेव्हाच म्हणाले होते, एवढं बोलायला नको होतं.

शशिधर: म्हणाली होतीस.

अन्वी: आजोबा, तुम्हाला त्याला सॉरी म्हणायचं आहे का?

शशिधर: जाऊन वीस वर्षं झाली त्याला. सॉरी कुणाला म्हणू? चल, बरणी भर. चार वाजत आले.

अन्वी: थोडा वेळ थांबू. आत्ता आपण ढवळलाय ना, तो गढूळ जाऊ दे. खोटा नको, पण आपल्या हाताचा चिखलही नको... आता. हा बघा! उजेडाला धरते. कानटोपीचा एक धागा आहे आत, बाकी क्लीन! थोडा पिवळा आहे. लाइक ॲपल ज्यूस.

शशिधर: बघू. अरे वा! अरे वा रे वा! बोट दिसतंय पलीकडचं! सुमन, बरणीतून बोट दिसतंय!

सुमन: माझी बरणी आहेच तशी स्वच्छ.

अन्वी: आले! गाडी आली. कॉलिन, आणि मागे अजून दोन गाड्या. आजोबा, लिसन. मी त्यांना फक्त बरण्या दाखवणार. सांडव्याचा बोलायचं नाही, ओके? इट्स फाइन नाऊ. कोणाला कळणार नाही.

शशिधर: मी सांगणार.

अन्वी: आजोबा, प्लीज! सहा महिने मी त्यांच्या किचनमध्ये चहा पीत बसलेय याच्यासाठी. ते म्हणतील, एक्स्पर्टनेच तोडला असता!

शशिधर: तेच म्हणू देत. बांध पावसाने कमी फुटतात, माणसाच्या हाताने जास्त. हे त्यांना आज नाही सांगितलं तर पुढच्या वर्षी त्यातला एक जण काहीतरी करणार, आणि तू वही काढून त्याचं अज्ञान लिहिणार. तू नाही लिहायचंस तसं. माझं इंग्रजी सरकारी आहे, तू सांग. पण सगळं सांग. गोधडीसुद्धा.

अन्वी: शुअर?

शशिधर: जा.

सुमन: अहो, गेली का ती?

शशिधर: गेली. फाटकाशी उभी आहे. दोन्ही बरण्या खांबावर ठेवल्यात. सगळे वाकून बघतायत... एकाने टोपी काढली. आता ती माझ्याकडे हात करून काहीतरी सांगतेय. फोन माझ्या हातात देऊन गेलीय, काही ऐकू येत नाहीये.

सुमन: तुम्हाला भीती वाटतेय.

शशिधर: वाटतेय की. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा... हसतायत ते. सुमन, सगळे हसतायत. ती परत येतेय, पळत. ही पोरगी घसरणार!

अन्वी: आजोबा! कॉलिन म्हणाला, त्याच्या वडिलांनी जन्मभर उलटा केला. पाणी दिसला की चर खणायचा आणि खाली सोडून द्यायचा, फील्डमध्ये थांबलेला बघवायचा नाही त्यांना. तो म्हणाला, देअर यू आर, बोथ वेज इट्स द हँड्स. दोन्हीकडे हातच! पाच जण हो म्हणाले! दोघं विचार करतो म्हणाले, बट दे विल. आणि बरण्या त्याला पाहिजेत. किचनच्या खिडकीत ठेवणार.

सुमन: माझ्या बरण्या?

शशिधर: दे म्हणाव. सुमन, तुला चार नव्या आणतो.

अन्वी: चला ना आता, सगळे वाट बघतायत. कॉलिनच्या घरी चहा आहे, केक आहे. तुम्ही पूर्ण भिजलात. आजोबा? तो विचारतोय, ते अजून त्या सांडव्याशी का उभे आहेत?

शशिधर: त्याला सांग, पाणी जाताना बघतोय. जरा वेळ लागेल.