एकाने तरी विचारलं का, ‘का?’ म्हणून!

नाही, पण मला एक सांगा, असं काय आहे हो त्या माणसात, जे माझ्यात नाही? तलवार, टोपीतलं पीस आणि घोडा सोडून बोलतोय मी!... आता तुम्ही म्हणाल, कोण माणूस? अहो, पुस्तकातला! बायकोने वाचनालयातून आणल्यात ना त्या जुन्या फ्रेंच ऐतिहासिक कादंबऱ्या, मराठीत केलेल्या, एकेक भाग उशीएवढा! माझं चष्म्याचं दुकान, दुपारी गिऱ्हाईक नसतं, म्हणून सहज पहिला भाग उघडला, आणि तेव्हापासून तुम्हाला सांगतो, नुसता जळतोय मी. जळतोय!

म्हणजे बघा, पन्नासाव्या पानावर याच्या खांद्यात तलवार घुसते. आरपार! आणि साठाव्या पानावर हा राजवाड्यात सरदाराच्या बायकोबरोबर नाचतोय, तोच हात तिच्या कमरेत! माझा खांदा आठ महिने धरलाय, तलवार नाही की काही नाही, पंख्याखाली झोपलो एवढंच, तर शर्ट घालायला बायको लागते. हा खिडकीतून उडी मारतो तर खाली घोडा तयार, तोंड बरोबर जायच्या दिशेला! आणि माझ्या स्कूटरला रोज चार स्कूटरी आडव्या. पण जाऊ दे. खांदा दिला, घोडा दिला, सरदाराची बायको... बरं, तीही दिली. माझ्या पोटात दुखतं ते त्याच्या दोस्तांवरून!

हा चिठ्ठी पाठवतो. चिठ्ठीत काय? ‘निघा.’ बस्स! एक दोस्त जेवत असतो, तो कोंबडीची तंगडी तोंडात धरून निघतो. दुसरा तापाने फणफणलेला, तो अंथरुणातून थेट खोगिरावर. एकाचं तर लग्न लागत असतं, तो नवरीला म्हणतो, आलोच! आणि एकाने, एकाने तरी विचारलं का हो, ‘का?’ म्हणून? नाही!

आता आमच्याकडे या. गेल्या रविवारी कपाट तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं. सासूबाईंचं कपाट, बायकोने आठवण म्हणून मागून आणलेलं. लाकडी, आरशाचं. टेम्पोवाला फाटकाशी उतरवून गेला आणि लिफ्टमध्ये काही ते मावेना. म्हटलं, घाबरतो कशाला, आपल्यालाही दोस्त आहेत, शाळेपासूनचे, चांगले तीन! एकेकाला फोन लावला, पुस्तकातल्यासारखाच. ‘निघ.’ कंपाउंडर म्हणतो, “का रे? आणि येऊ कधी, जेवणाआधी की जेवणानंतर?” आलाच नाही, ना आधी ना नंतर. चित्रकलेचा मास्तर म्हणतो, “का? आणि आजच का? आज उजेड इतका सुंदर पडलाय...” राहिला जाड्या. माझा सगळ्यांत जवळचा. तो म्हणतो, “का रे?... कपाट? भरलेलं की रिकामं?” म्हटलं, रिकामं. “मग मी कशाला लागतो तुला?”

घ्या!

शेवटी नेलं कुणी? मी आणि बायकोने. एक खांदा धरलेला, दुसरा कपाटाखाली. दुसऱ्या मजल्यावर टेकलो आणि खोटं नाही सांगत, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. म्हटलं, “अगं, पंचावन्न वर्षांत एक माणूस जोडला नाही मी, जो नुसतं ‘निघ’ म्हटल्यावर निघेल!” ही कपाळावरचा घाम पुसत म्हणते, “आणि जाड्याभावजींनी घर बदललं तेव्हा त्यांचा फोन आला होता. तुम्ही काय म्हणालात?”

“मी... मी फक्त विचारलं.”

“काय विचारलंत?”

आता चौकशी करणं हा काय गुन्हा आहे का हो? साधं विचारलं होतं. का म्हणून.

“मग?”

“मग काय मग! उचल तिकडून.”

चार दिवस पुस्तकाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी भरदुपारी फोन. जाड्या! धापा टाकत म्हणतो, “असशील तसा ये.” तुम्हाला सांगतो, ‘का’ घशापर्यंत आला होता. गिळला! पाण्याशिवाय गोळी गिळावी तसा गिळला! समोर गिऱ्हाईक, नाकावर तपासणीची चौकट, एका डोळ्यापुढे काच, दुसरा झाकलेला, भिंतीवरची अक्षरं वाचतंय. म्हटलं, “बसा, आलोच!” तो म्हणतो, “का?” अहो, तोसुद्धा! त्याला तसाच ठेवला आणि स्कूटरवर टांग मारली. वाटेत डोक्यात काय काय... झटका आला असेल? भावाशी मारामारी? खिशात तलवार नव्हती, पण चष्म्याचा स्क्रू ड्रायव्हर होता, करंगळीएवढा. म्हटलं, असू दे!

पोचलो. चौथा मजला. लिफ्ट बंद. धावत वर गेलो तर दारात जाड्या, आणि जाड्यामागे कपाट. चार दारांचं. लोखंडी! म्हणतो, “लेकीला दिलंय. खाली टेम्पो उभाय.”

वाकलो, धरलं, उचललं. एक मजला उतरलो, दुसरा उतरलो, आणि मनात म्हटलं, आता जळायचं तर त्या पुस्तकातल्याने जळावं! तेवढ्यात खांदा असा काही कळवळला की राहवलं नाही. म्हटलं, “जाड्या, लेका, मला एकट्यालाच रे बोलावलंस?” आशा वेडी हो! वाटलं, म्हणेल, तूच माझा खरा दोस्त.

जाड्या म्हणाला, “छे! तिघांनाही फोन केला होता. दोघांनी विचारलं, का?”