दुसरी किल्ली

मी कडूबा, पाचोडचा. आयटीआय करून शहरात आलो, ठेकेदाराकडं लाईनमन लागलो, पुंडलिकनगरात खोली घेतली, लग्न केलं, अन बायकोच्या, सुमनच्या मागं तिचा धाकटा भाऊ ज्ञानू आला, रिकामाच हिंडायचा, म्हणून मीच त्याला एका मंगल कार्यालयात जनरेटरवर चिकटवला.

काय सांगू तुम्हाला, तिथला किल्लीचा कारभारबी मीच त्याला शिकवला. लाईट गेली की आधी लाईनीचा स्विच पाडायचा, तो पाडल्याबिगर किल्ली निघतच नाय, अन तीच किल्ली लावल्याबिगर जनरेटरचा स्विच चढत नाय. किल्ली एकच, म्हणून दोन्ही एका टायमाला चालू होतच नाय. ज्ञानू, म्हणलं, ही वीज उलटी लाईनीवर गेली तर खांबावरचा माणूस भाजून निघंल. व्हय दाजी, म्हणला, कळलं.

पण लाईनीचा स्विच पार गेटजवळ, जनरेटर मागं. अंधार झाला की कार्यालयाचा शेठ बोंबलायचा, पळ रे, पाहुणे उकडायलेत. शेवटी शेठनंच छावणीतल्या किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली करून आणली, ज्ञानूला दिली, म्हणला आता पळू नको. मला ह्याचा पत्ताच नाय.

उन्हाळा, दुपारचं लग्न, वावटळ आली अन कार्यालयाच्या डीपीवर, म्हंजी ट्रान्सफॉर्मरवर, येणारी मोठ्या दाबाची तार तुटली. माझा जोडीदार रफिकभाई, त्यानं लाईन बंद करून घेतली, मी वर चढलो. चुकून वीज आली तर जमिनीत जावी म्हणून लाईनीवर साखळी टाकायची असती, पण ठेकेदारानं ती कधी दिलीच नव्हती. तिकडं ज्ञानूनं गेटवर न जाता दुसऱ्या किल्लीनं जनरेटर चढवला. वीज उलटी फिरली, डीपीतून वर येताना तिचा जोर लई वाढतो, अन माझ्या दोन्ही हातात तार. रफिकभाई अजून सांगतो, कडूबा, तू वर जळत होता अन आत मंगलाष्टका चालल्या होत्या.

दवाखान्यात दोन्ही हात कोपरापासून काढले.

चौकशी लागली. ज्ञानू उभा राहिला, म्हणला किल्ली एकच हाय साहेब, दाजींनीच कुठं चालू तारेला हात घातला असंल, सकाळपासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. रफिकभाई वरडला, झूट बोलतो, दुसऱ्या किल्लीबिगर वीज उलटी आलीच कशी, कुठं दडवली ती? साहेब म्हणले, तुम्ही बाहेर होता, तुम्हाला काय दिसलं? साखळी टाकली नाही, एवढंच लिहून घेतलं. ज्ञानू आता तिथला मॅनेजर हाय.

चौकशीच्याच दिवशी तो घरी आला, सुमनला म्हणला, ताई, खरं बोललो असतो तर मी आत गेलो असतो, दाजींचे हात काय परत आले असते? मला वाटलं आता ही त्याला हाकलती. तिनं चहा ठेवला. मी मोप शिव्या दिल्या, ती भांडी घासत राहिली.

यंदाबी राखीला आला. पाटावर बसला, मनगट पुढं केलं, सुमननं राखी बांधली. मग माझ्या पाया पडला, म्हणला दाजी, आशीर्वाद द्या. काय म्हणणार? म्हणलं, तुझे हात शाबूत राहू दे बाबा. तो रडला थोडा. सुमननं पेढा मोडला, अर्धा त्याला भरवला अन अर्धा माझ्याकडं आणला. मी तोंड उघडलं.