वजा वीस

काकू : म्हणजे रोज उठून तुम्ही तिथे ऑफिसात तुमच्या बहिणीला, ताईंना, हाक मारत होतात?

सर : हाक नव्हे. आज्ञा. संगणकाला दिलेली आज्ञा. तिचं टोपणनाव 'ताई' होतं, इतकंच.

नवी : अजूनही आहे, काकू. एखादं काम मध्येच अडकलं की सगळं ऑफिस ओरडतं, "ए नवी, ताईला बोलाव." मी टाईप करते 'ताई', पुढे त्या अडकलेल्या कामाचा नंबर, की काम जागच्या जागी गार!

काकू : आमच्या घरीही तसंच होतं. ताई दारात उभ्या राहिल्या की माझी सगळी कामं जागच्या जागी गार.

सर : अगं, ही मुलगी पाणीखात्यातून तिची अडचण घेऊन आली आहे. मी निवृत्त झाल्यापासून संगणककक्ष तिच्या एकटीवर आहे. आधी तिचं ऐकू दे.

काकू : ऐका की. महिनाभर घरात तोंड मिटून बसला होतात, ही आल्यापासून कसं धबाधबा बोलताय! मला निदान तुमचा आवाज तरी ऐकायला मिळतोय. काय गं, त्या हुकमाचं खरं नाव काय?

नवी : किल.

काकू : अगंबाई! ठार मारायचं?

सर : म्हणूनच बदललं. क्रमाने सांगतो. पूर्वी पडद्यावर चित्रं नसत. काळा पडदा, आणि त्यावर अक्षरं टाईप करून आज्ञा द्यायची. ज्यांनी ती नावं ठेवली, त्यांनी टाईप करायचे कष्ट वाचवले आणि माणसांचा विचार केला नाही. आमच्या काउंटरवरची माणसं 'किल' लिहायला कचरत. ताई म्हटल्यावर कुणी कचरलं नाही.

काकू : त्यांनी ताईंना पाहिलं नव्हतं म्हणून.

नवी : काकू, बाकीची नावं तर ऐका. कॅट म्हणून एक कमांड आहे. तिच्यात मांजर नाही, मांजराची शेपूटही नाही. कागद उलगडून दाखवते फक्त. शेपूट निराळी आहे, टेल. ती शेवटच्या ओळी दाखवते.

काकू : शेपूट आहे आणि मांजर नाही?

सर : 'जोडणे' या अर्थाचा एक लांबलचक इंग्रजी शब्द आहे, त्याचा मधला तुकडा म्हणजे कॅट. तर्क आहे त्यात.

काकू : मधला तुकडा! कुणी स्वतःच्या मुलाला नावाच्या मधल्या तुकड्याने हाक मारतं का?

नवी : टच म्हणजे फाइलीला नुसता हात लावायचा. आत काही बदलायचं नाही, फक्त हात लावल्याची वेळ नोंदली जाते.

काकू : हे मला ठाऊक आहे. यांनी भांडी घासली की असंच असतं.

नवी : आणि मॅन! कुठल्याही कमांडबद्दल त्याला विचारायचं, तो पानंच्या पानं समजावून सांगतो.

काकू : हे नाव ठेवणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं. आमच्याकडे विचारलं की गप्प, आणि न विचारता पानंच्या पानं.

सर : नवी, तू मूळ मुद्द्यावर ये.

काकू : येईल ती. आधी मला सांग, ताईंसारखी आणखी कुणाकुणाची वर्णी लागली आहे तिथे?

सर : हा चहाबरोबर चघळायचा विषय नाही.

नवी : सगळ्यांचीच लागली आहे की! सरांची आई आहे. 'आई' म्हटलं की प्रत्येक गोष्टीची एक प्रत नीट जपून ठेवली जाते, काही फेकलं जात नाही.

काकू : हं. सासूबाईंना शोभतं. फुटकी बरणीसुद्धा जपायच्या. पुढे?

नवी : 'वहिनी'. दोन फाइली शेजारी शेजारी ठेवते आणि एकीत काय जास्त, दुसरीत काय कमी, ते ओळीनिशी सांगते.

काकू : माझी जाऊ! अहो, हे मात्र तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. आपल्या घरी नवा पडदा लावला तर तिला दारातूनच कळतं. पुढे?

नवी : 'मावशी'. शेकडो फाइलींमधून एक शब्द हुडकून काढते. मूळ नाव ग्रेप. 'मेहुणा' म्हणजे...

सर : ते राहू दे.

काकू : का राहू दे? मेहुणा म्हणजे माझा भाऊ. तो काय करतो तिथे?

नवी : यंत्रातली सगळ्यात जास्त जागा कुणी खाल्ली आहे, ते दाखवतो.

काकू : खाल्ली?

सर : व्यापली. तांत्रिक भाषेत व्यापली.

काकू : लग्नात त्याने चार जिलब्या जास्त खाल्ल्या, त्याचा सूड तुम्ही पाणीखात्यात जाऊन उगवलात! बरं, आणि मी?

सर : तू काय?

काकू : मी काय करते तिथे? ताई अडलेलं सोडवतात, आई जपतात, माझा भाऊ खातो. आणि मी?

नवी : काकू, मी सगळी नावं पाहिली, पण...

काकू : नाही ना? वाटलंच. थंडगार खोलीत बसायचं म्हणून स्वेटर कुणी विणले? मी. रविवारी यंत्र बिघडलं म्हणून ताटावरून उठून गेलात, ते ताट झाकून कुणी ठेवलं? मीच. आणि तिथे रोज जप कुणाचा, तर ताईंचा. ही परवा आलेली पोर, हिच्यासाठीसुद्धा एखादं नाव ठेवून आला असाल.

नवी : नाही हो! माझं तर ऑफिसातही नाव नाही. नुसती 'नवी'.

काकू : तुला निदान तेवढं तरी आहे.

सर : तुझी अडचण सांग, नवी. काउंटरचं काय म्हणत होतीस?

नवी : रोज दुपारी मीटरच्या आकड्यांची जुळवणी लावते ना, ती सुरू झाली की खालचे सगळे काउंटर गोठतात. पडदा हलत नाही. लोक रांगेत उभे राहून आमचा उद्धार करतात. आज तर एक आजोबा खिडकीवर छत्री आपटायला लागले. साहेब म्हणाले, "सर असताना हेच यंत्र होतं, हीच जुळवणी होती, तेव्हा कसं कधी अडलं नाही?" उद्यापर्यंत उत्तर दिलं नाही, तर ते बाहेरच्या माणसाला बोलावणार आहेत. मग माझी तिथे गरजच काय?

सर : जुळवणी सुरू कशी करतेस?

नवी : 'जुळवणी' लिहिते आणि एंटर.

सर : त्याच्याआधी काही लिहीत नाहीस?

नवी : काय लिहायचं असतं?

सर : नाइस. आणि पुढे एकोणीस.

नवी : नाइस? असलं टोपणनाव तुमच्या यादीत कुठेच नाही.

सर : टोपणनाव नाही ते. मूळ आज्ञाच आहे. मी दर वेळी हाताने लिहीत असे.

काकू : नाइस म्हणजे छान ना? यंत्राला छान म्हणायचं?

सर : छान नव्हे, सालस. एका यंत्रात एकाच वेळी अनेक कामं चालतात. प्रत्येकाला 'माझं आधी' हवं असतं. एखाद्या कामाला नाइस सांगितलं की ते मागे सरतं. दुसऱ्या कुणाला गरज असेल तर त्याला पुढे जाऊ देतं, आणि सगळ्यांतून उरेल त्या वेळात आपलं उरकतं. आकडा जितका मोठा, तितकं जास्त मागे. एकोणीस म्हणजे अगदी शेवटी.

नवी : म्हणजे जुळवणी चालू असायची, पण काउंटरवर कुणी आलं की ती बाजूला व्हायची!

सर : आणि कुणाला कळायचंही नाही की ती चालू आहे.

नवी : अरे देवा! एवढंच? सर, या एका शब्दावर अख्खं ऑफिस चालत होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. साध्या साध्या कमांडना तुम्ही नावं दिलीत, मग हिला का नाही? रोज लागणारी तर हीच.

सर : राहून गेलं.

काकू : तुमचं काही राहून जात नाही. दाराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस तुम्ही. नाव काय ठेवणार होतात?

सर : चहा निवतोय.

काकू : निवू दे. नाव माझंच ठेवणार होतात ना?

सर : ...हो. लिहिलं होतं. पुसून टाकलं.

काकू : का?

सर : रोज तुझं नाव लिहायचं, आणि त्याचा अर्थ काय, तर 'तू मागे हो, सगळ्यांचं झाल्यावर तुझं'. हात चालेना.

काकू : तिथे हात चालेना! इथे मात्र तोंड बरं चालतं. आज सकाळीच म्हणालात, "संध्याकाळी ताई येतेय, तिला खिडकीजवळची खोली लागते, तू महिनाभर बाहेरच्या खोलीत पथारी टाक." ते कुणाच्या तोंडून आलं? यंत्राच्या?

सर : तू नेहमीच... म्हणजे तू कधी नाही म्हणाली नाहीस.

काकू : जुळवणी तरी कधी 'नाही' म्हणते का?

नवी : काकू, मी निघू का?

काकू : बस गं. तुझंच तर काम चाललंय. मला सांग, हा आकडा फक्त मागेच नेतो? पुढे न्यायची काही सोय नाही?

नवी : सर?

सर : आहे. आकडा वजा लिहायचा. मग ते काम बाकीच्यांच्या पुढे जातं. वजा वीसपर्यंत नेता येतं.

काकू : मागे एकोणीस आणि पुढे वीस? म्हणजे पुढे जायला एक पायरी जास्तच आहे की! आणि हे तुम्हाला इतकी वर्षं ठाऊक होतं?

सर : पण तसं कुणालाही करता येत नाही. मागे कुणीही सरू शकतं. पुढे नेण्याचा अधिकार एकट्या मुख्य प्रशासकाला.

काकू : तो कोण?

सर : पूर्वी मी होतो. आता ही.

काकू : वा! म्हणजे अधिकार तुमच्याकडे होता, आकडा ठाऊक होता, आणि वाट्याला काय आलं, तर एकोणीस. नवी, करशील माझं एक काम?

नवी : बोला ना, काकू.

काकू : त्या वजा वीसला माझं नाव दे. आणि रोज नको वापरूस. खरंच कुणाची निकड असेल, छत्रीवाल्या आजोबांसारखी, तेव्हा माझं नाव लिही. मग बघू ताई मध्ये येतात का.

नवी : नाव काय लिहू? काकू?

काकू : काकू तुझी. तिथे 'बायको' लिही. साहेबांपासून सगळ्यांना कळू दे, यांना बहिणीशिवाय आणखीही कुणी होतं.

नवी : उद्या सकाळी पहिलं काम तेच. येते मी, सर. आणि एकोणीसबद्दल... थँक यू. वाचवलंत मला.

सर : नाइस आधी, मग मोकळी जागा, मग उणे-चिन्हाला लागून 'एन', मग एकोणीस. ते चिन्ह वजाबाकीचं नाही, लक्षात ठेव. मोकळी जागा विसरू नकोस.

काकू : येत जा गं अधूनमधून. तू आलीस की हे बोलतात. आणि तिथे काउंटरच्या खिडकीला टेकून उभी राहू नकोस, आजोबांची छत्री लागेल.

(नवी जाते. कपबशा आवरल्याचा आवाज.)

सर : अगं, ऐकलंस का?

काकू : आता काय?

सर : जादा चादरी कुठल्या कपाटात असतात?

काकू : कशाला हव्यात?

सर : ताईचं अंथरूण बाहेरच्या खोलीत घालतो. ती यायच्या आत.

काकू : ...त्या चिडतील.

सर : चिडू दे. मी सांगेन तिला.

काकू : काय सांगाल?

सर : ते अजून ठरलं नाही. चादरी?

काकू : लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात. अहो, आणि निळी काढू नका. ती माझी आहे.